कोड लिहिणारा एआय सहायक: फोंड्याच्या एका छोट्या कार्यालयातील आठ महिन्यांचा अनुभव

गोव्यातील फोंड्यात आमचे पाच जणांचे सॉफ्टवेअरचे कार्यालय आहे. गेली चौदा वर्षे आम्ही मुख्यतः क्रेडिट सोसायट्या, काजूचे कारखाने आणि काही देवस्थान समित्या यांच्या हिशेबाचे काम करतो. सॉफ्टवेअर बनवून देतो आणि पुढची अनेक वर्षे ते सांभाळतो. या जानेवारीपासून आम्ही एका परदेशी कंपनीचा कोड लिहिणारा एआय सहायक मासिक वर्गणी भरून वापरत आहोत. ऑगस्ट संपेपर्यंतचा त्याचा अनुभव येथे मांडतो. सेवेचे नाव देत नाही, कारण पुढे जे गुणदोष येतील ते या जातीच्या बहुतेक साधनांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात, आणि कोणते साधन घ्यावे यापेक्षा ते घरात आल्यावर आपल्या कामाचे काय होते हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

लिहिण्याला आणखी एक निमित्त झाले. प्रवेशाच्या दिवसांत ओळखीतले पालक आमच्याकडे हमखास येतात. पूर्वी ते कोणते कॉलेज चांगले हे विचारीत. यंदा मात्र तिघांनी जवळपास एकाच शब्दांत विचारले, की कोड जर एआयच लिहिणार असेल तर कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हे इंजिनिअरिंग तरी राहिले का. मी स्वतः फर्मागुडीच्या पठारावरील इंजिनिअरिंग कॉलेजात चार वर्षे शिकून इंजिनिअर म्हणवून घेतलेला माणूस आहे. त्या प्रश्नाला तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. आठ महिन्यांच्या वापरानंतर ते देता येईल असे वाटते.

आधी वस्तूविषयी. माणशी महिन्याला साधारण सतराशे रुपये पडतात. आपण मराठीत, इंग्रजीत किंवा दोन्हींची सरमिसळ करून काय हवे ते सांगायचे, आणि हा सहायक आपल्या प्रकल्पातील फायली वाचून कोड लिहितो, चालवून पाहतो, चूक आली तर दुरुस्त करतो आणि कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्याही स्वतःच लिहितो. मासिक अहवालांचे पडदे (स्क्रीन), छापायच्या पावत्या, एक्सेलमधून माहिती आत घेण्याची सोय, अशी कामे पूर्वी दोन दोन दिवस खात. ती आता सकाळी सांगितली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभी राहतात. हे मी कौतुकाने सांगतो, कारण आमच्यासारख्या लहान कार्यालयात हाताची कमतरता कायमचीच असते.

सर्वांत मोठे काम त्याने फेब्रुवारीत केले. आमच्या एका ग्राहक सोसायटीचे व्याजाचे गणित १९९० च्या दशकातल्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेतल्या एका प्रोग्राममध्ये अडकलेले होते. लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत, कोडमध्ये एक ओळ स्पष्टीकरण नाही, आणि चलांची (व्हेरिएबलची) नावे एम-१, एम-२ अशी चाळीसपर्यंत गेलेली. आम्ही ते दहा वर्षे हात न लावता पुढे ढकलत आलो होतो. सहायकाने त्या अकराशे ओळी अर्ध्या तासात वाचून प्रत्येक चलाचा अर्थ लावला. मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर एक टक्का कमी व्याज कोठे लागते हे त्याने दाखवले, आणि वर असेही सांगितले, की लीप वर्षात हा प्रोग्राम वर्ष ३६५ दिवसांचेच धरतो. आम्ही जुन्या खतावण्या काढून तीन वर्षांच्या ठेवी हाताने ताडून पाहिल्या. त्याचे वाचन बरोबर निघाले. या एका कामाने वर्षाची वर्गणी वसूल झाली असे मी मानतो.

मराठी मात्र त्याची कच्ची आहे. आरंभीच्या शिलकेला त्याने 'उघडणारी शिल्लक' म्हटले, आणि थकबाकीदाराला 'दोषी' ठरवून ते नोटिशीच्या मसुद्यात घातले. छापण्यापूर्वी नजरेस पडले म्हणून निभावले. मराठीत चालणारे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी प्रत्येक शब्द स्वतः वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता ज्या प्रसंगामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले तो प्रसंग. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सोसायटीसाठी आम्ही पिग्मीचे, म्हणजे दारोदार गोळा होणाऱ्या रोजच्या लहान बचतीचे, मोबाइल ॲप केले. पिग्मी गोळा करणाऱ्या काकी रोज दुकानोदुकानी फिरतात, कोणाकडून पन्नास, कोणाकडून दोनशे घेतात आणि फोनवर आकडा भरतात. फोन ती नोंद सोसायटीच्या सर्व्हरला पाठवतो, सर्व्हरकडून पोच आली की कमरेला लटकवलेल्या लहानशा प्रिंटरमधून पावती निघते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी लोक पिग्मीचे पैसे काढतात, कारण माटोळीपासून (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट) नव्या कपड्यांपर्यंतचा खर्च त्यातून व्हायचा असतो. म्हणून ॲप जूनमध्ये सुरू व्हावे असा सोसायटीचा आग्रह होता. सहायकाच्या मदतीने आम्ही ते पाच आठवड्यांत केले. त्याने स्वतः चौसष्ट चाचण्या लिहिल्या होत्या आणि चौसष्टच्या चौसष्ट उत्तीर्ण झाल्या होत्या. आम्ही समाधानाने ते सोसायटीच्या हवाली केले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या काकी आपली हाताने लिहिलेली चोपडी घेऊन थेट आमच्या कार्यालयात आल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. चोपडी त्यांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून आणली होती. टेबलावर ती उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "अरे, माझ्या चोपडीत हा एकदा आणि तुझ्या यंत्रात दोनदा, असं कसं? उद्या सोसायटी माझ्याकडेच पैसे मागेल ना?" आम्ही तपासले. अठरा दिवसांत त्रेचाळीस नोंदी दुबार पडल्या होत्या. रक्कम मोठी नव्हती, पण दिवसाच्या भरण्यात तेवढी तूट काकींच्या नावावर दिसत होती, आणि ती त्यांनी दोनदा पदरच्या पैशांनी भरूनही टाकली होती.

कारण शोधायला एक संध्याकाळ लागली. वाळपईहून सत्तरीतल्याच ठाणे गावाच्या बाजूला जाताना काही वळणांवर नेटवर्क जाते, आणि पावसात तर ते येत-जातच असते. फोनवरून नोंद निघे, सर्व्हरपर्यंत पोचे, तेथे लिहिली जाई. पण पोच परत येण्याच्या आत नेटवर्क गेलेले असे. दहा सेकंदांत पोच आली नाही की ॲप तीच नोंद पुन्हा पाठवी, आणि सर्व्हर ती नवी समजून दुसऱ्यांदा लिही. सहायकाच्या चौसष्ट चाचण्यांत नोंद पोचून पोच आल्याची आणि नोंद मुळीच न पोचल्याची, या दोन्ही स्थिती होत्या. नोंद पोचली आणि पोच तेवढी हरवली, ही तिसरी स्थिती एकाही चाचणीत नव्हती. त्याचा उपाय या क्षेत्रात जुना आणि सर्वांना माहीत असलेला आहे: प्रत्येक नोंदीला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक सर्व्हरकडे आधीच असेल तर त्याने पुन्हा न लिहिता फक्त पोच द्यायची. सहायकाला हे सांगताच त्याने चार मिनिटांत निर्दोष बदल करून दिला. म्हणजे उपाय त्याला ठाऊक होता. त्या उपायाची येथे गरज आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि त्याने ते आम्हांला विचारलेही नाही. विचारायला आम्हीही विसरलो. काकींची भरपाई आम्ही केली, कारण चूक आमची होती.

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. स्लॅब ओतला जायचा त्या दिवशी काँक्रीटचे क्यूब भरायचे असतात, दीडशे मिलीमीटरचे, बिडाच्या साच्यात; ते पाण्यात ठेवून काही सातव्या आणि काही अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली फोडून ताकद पाहतात. बाबा म्हणत, ठेकेदाराला क्यूब भरायला सांगितलेस तर तो क्यूबसाठी वेगळा माल कालवील, सिमेंट चढते टाकील, आणि क्यूब नेहमीच पास होतील. म्हणून ते आधी न सांगता मधलाच एखादा घाणा थांबवून त्यातले काँक्रीट स्वतः भरून घेत आणि ओल्या पृष्ठभागावर खिळ्याने तारीख व आपली खूण कोरीत. त्रेचाळीस दुबार नोंदींची यादी समोर असताना मला तो खिळा आठवला. ज्याने कोड लिहिला त्यालाच आम्ही चाचण्या लिहायला लावल्या होत्या. सहायकाच्या मनात ठेकेदाराची लबाडी नसेल, पण जे गृहीत धरून त्याने कोड लिहिला तेच गृहीत धरून त्याने चाचण्याही लिहिल्या, आणि क्यूब पास झाले.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथून दिसू लागले. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेमुळे. त्या परिषदेच्या अहवालात आयोजकांनी स्वच्छ लिहिले आहे, की हा शब्द मुद्दाम डिवचण्यासाठी निवडला होता. इतर अभियांत्रिकी शाखांजवळ जो सैद्धांतिक पाया आणि जी कामाची शिस्त आहे ती सॉफ्टवेअरलाही हवी, हे त्यातून सुचवायचे होते. म्हणजे जन्मतःच ती पदवी मिळालेली नव्हती, ती मिळवायची होती. पुढची पन्नासहून अधिक वर्षे आपण सगळ्यांनी ती नावामागे लावली, आणि शिस्त ज्याच्या त्याच्यावर सोडली. कोड लिहिणे हेच इतके वेळखाऊ आणि अवघड होते, की दिवसाचा बहुतेक भाग त्यात जाई आणि त्यालाच इंजिनिअरिंग म्हणण्याची सवय लागली. बांधकामात वीट रचणाऱ्या गवंड्याचे कौशल्य कोणी कमी लेखत नाही, परंतु पाया किती खोल हवा हे ठरवणारा आणि त्याखाली सही करणारा माणूस वेगळा असतो. आमच्या क्षेत्रात ही दोन्ही कामे एकाच खुर्चीत बसलेली होती, आणि दुसरे काम बरेचदा संध्याकाळी वेळ उरला तरच होई.

एआयने लिहिलेल्या कोडचा धोका समजून घ्यायला एआयच्या आधीचे एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे रॉकेट आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान-४ वरून जसेच्या तसे घेतलेले होते, आणि त्या जुन्या रॉकेटवर ते नीट चाललेले होते. नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक होता. त्या वेगाशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत, जिथे ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, तिथे बसवताना यंत्रणा बंद पडली. त्या कोडची ती ओळ जुन्या परिस्थितीत बरोबर होती. सहायक जे लिहून देतो ते याच अर्थाने उसने असते: जगभरच्या असंख्य लोकांनी आपापल्या परिस्थितीत लिहिलेल्या कोडवरून शिकून तो आपल्यासाठी लिहितो. त्या लोकांची परिस्थिती कोणती होती हे त्या कोडबरोबर येत नाही. चांगल्या नेटवर्कच्या शहरात बसून लिहिलेल्या हजारो ॲपांची रीत त्याने सत्तरीच्या रस्त्यावर आणून ठेवली.

याचा अर्थ नवे तंत्र टाळावे असा मी काढत नाही, आणि गोव्यात राहणाऱ्याला त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पणजीजवळ मांडवी नदीवरचा पहिला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा तो बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. त्याच्याजवळच पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, १६३० च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला दगडी कॉजवे आजही वाहतूक वाहतो आहे. पूर्वताणित काँक्रीट हे तेव्हाचे तुलनेने नवे तंत्र, आणि खाऱ्या हवेत त्यातील ताणलेल्या पोलादी तारांना गंज चढला तर काय होते याची किंमत आपण पूल गमावून मोजली. त्यानंतर अभियंत्यांनी दगडी कमानींकडे परत जाणे पत्करले नाही. तारांचे रक्षण कसे करायचे, कोणता सांधा टाळायचा, तपासणीसाठी वाट कोठे ठेवायची हे त्यांनी शिकून घेतले, आणि त्याच नदीवर पुन्हा पूल उभे राहिले. एखादे तंत्र कसे निकामी होते हे ज्याला माहीत आहे आणि त्या माहितीवरून जो पुढचा आराखडा बदलतो, त्याला मी इंजिनिअर म्हणतो. एआयने लिहिलेला कोड कसा निकामी होतो हे आपण आत्ता कुठे शिकू लागलो आहोत.

सहीचा मुद्दा मात्र अजून उघडाच आहे. आपल्या देशात वकिलीसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरांना नोंदणी सक्तीची करणारा तसा केंद्रीय कायदा नाही. तरीही गोव्यात साधे घर बांधायचे झाले तर त्याच्या मजबुतीची जबाबदारी घेणारी संरचना अभियंत्याची सही कागदावर लागते. पाच हजार सभासदांच्या ठेवी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला अशी कोणाचीच सही लागत नाही. अमेरिकेत सॉफ्टवेअर इंजिनिअरांसाठी परवान्याची परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली आणि परीक्षार्थी फारसे न आल्याने २०१९ मध्ये बंद पडली. त्यामुळे ही सही आजच्या घडीला आपणच आपल्यावर लादून घ्यावी लागते. जुलैनंतर आम्ही तसे केले: ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रत्येक बदलाखाली, कोड कोणीही लिहिलेला असो, आमच्यापैकी एकाचे नाव आणि तारीख नोंदवली जाते, आणि चाचण्या अशा व्यक्तीने लिहायच्या जिने तो कोड पाहिलेला नाही. ती व्यक्ती चोपडी, पासबुक आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी झालेले बोलणे यांवरून चाचण्या लिहिते.

यामुळे वेग कमी झाला का, तर झाला, आणि ते स्पष्ट सांगायला हवे, कारण या सेवांची जाहिरात वेगावरच चालते. अमेरिकेतील मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना आपल्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला, पण त्यांना स्वतःला वाटत होते की २० टक्के वेळ वाचला. आमच्याकडे इतके काटेकोर मोजमाप नाही. हजेरीवहीवरून मात्र एवढे दिसते, की नवे पडदे आणि अहवाल यांत निम्म्याहून अधिक वेळ वाचतो, आणि व्याज, भरणा, ताळेबंद यांसारख्या जागी वाचलेला सगळा वेळ तपासण्यात जातो. हा व्यवहार मला मान्य आहे.

काही गोष्टी थोडक्यात. सभासदांची नावे, खाते क्रमांक किंवा आधार क्रमांक या सेवेला कधीही देऊ नयेत. चाचणीसाठी आम्ही खोटी माहिती तयार करून ठेवली आहे. नेट गेले की सहायकही गेला, त्यामुळे पावसाळ्यात त्याच्यावर विसंबून ग्राहकाला तारीख देऊ नये. कधी कधी तो अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचे (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचाचे) नाव पूर्ण आत्मविश्वासाने सुचवतो. नाव तपासल्याशिवाय काहीही बसवू नये.

ज्यांच्याकडे चाचण्यांची सवय आधीपासून आहे, जुना कोड सांभाळण्याचे ओझे आहे आणि आपल्या ग्राहकाचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांनी ही सेवा अवश्य घ्यावी. त्यांना मी पाचपैकी चार गुणांची शिफारस करीन. ज्यांना कोड वाचता येत नाही आणि तो चालला म्हणजे झाले असे वाटते, त्यांनी लोकांच्या पैशांशी संबंध असलेल्या कामासाठी ती घेऊ नये. आणि त्या तीन पालकांना मी आता सांगेन, की मुलाला अवश्य घाला, मात्र तो कोड किती झरझर लिहितो याचे कौतुक करू नका. तो प्रश्न कोणते विचारतो ते पाहा.

जुलैअखेर आमच्याकडे एक नवी मुलगी कामाला लागली आहे. पहिले तीन महिने तिला सहायक वापरायचा नाही असे ठरले आहे. पिग्मीच्या ॲपच्या चाचण्या ती लिहिते. दुसऱ्याच आठवड्यात ती एक दिवस काकींबरोबर वाळपईच्या बाजारात फिरली आणि परत येऊन तिने विचारले, की काही दुकानदार "पावती ठेवून जा, परतताना पैसे घे" असे सांगतात, आणि परतताना दुकान बंद असले तर त्या पावतीचे काय करायचे. ॲपमध्ये त्याला उत्तर नव्हते. पावती रद्द करण्याची सोय आम्ही चवथीच्या आधी बसवली, आणि त्या बदलाखाली तिचे नाव आहे.